तक्त्यातली ठिणगी

माध्यमिक शाळांच्या प्रयोगशाळेत पेट्रोल इंजिनाचा तक्ता हमखास आढळतो. चार स्ट्रोकची चार चित्रे. त्यांपैकी एकात पिस्टन अगदी वर टेकलेला, प्लगपाशी एक पिवळी चांदणी, आणि खाली ओळ: संपीडन पूर्ण झाल्यावर ठिणगी पडते. या ओळीबद्दल आमची तक्रार आहे.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर उमरग्याजवळच्या एका शाळेत आम्ही सहामाहीच्या उत्तरपत्रिका चाळत होतो. एका मुलाने लिहिले होते, "पिस्टन वर पोचायच्या थोडे आधी करंट पडतो." त्यावर लाल फुली होती. मुलाच्या वडिलांचे गॅरेज आहे, हे नंतर कळले. मुलगा बरोबर होता आणि तक्ता चूक.

मिश्रण एका क्षणात पेटत नाही. ज्योत प्लगपासून पसरत जाते आणि त्याला वेळ लागतो. सर्वाधिक दाब पिस्टन वरून नुकताच खाली वळलेला असताना यायला हवा. म्हणून ठिणगी आधीच पाडावी लागते. हा वेळ समजा २ मिलिसेकंद आहे. मिनिटाला ९०० फेऱ्या असताना क्रँक सेकंदाला ५४०० अंश फिरतो, म्हणजे तेवढ्या वेळात सुमारे ११ अंश. ३००० फेऱ्यांना हेच ३६ अंश होतात. (प्रत्यक्षात वेग वाढला की सिलिंडरमधली खळबळ वाढते, ज्योत लवकर पसरते आणि आकडा इतका चढत नाही.) नववीच्या मुलाला जमेल असे हे गणित आहे, पण चांदणी अगदी वरच काढल्यामुळे ते कधी विचारलेच जात नाही.

हे गणित यंत्रात उतरवलेले पाहायचे तर जुन्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर पाहावा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची पद्मिनी घ्या किंवा अँबेसडर घ्या, रचना सारखीच आहे. क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरणारा दांडा, त्यावरच्या चार उंचवट्यांनी उघडणारे पॉइंट, आणि पॉइंट उघडून प्रवाह तुटला की कॉइलमध्ये निर्माण होणारे हजारो व्होल्ट. रोटर ते १-३-४-२ या क्रमाने प्लगांना वाटतो. पॉइंटखाली स्प्रिंगला बांधलेली दोन वजने असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि उंचवटे पुढे सरकवतात. ठिणगी लवकर पडते. बाजूच्या डबीतला पडदा कार्बोरेटरकडच्या निर्वाताने ओढला जातो. थ्रॉटल अर्धवट उघडा असताना मिश्रण विरळ असते, सावकाश जळते. तेव्हा हा पडदा आणखी काही अंश देतो.

गॅरेजच्या रीतीवरही आमचा एक आक्षेप आहे. अनेक मिस्त्री डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून इंजिनाचा आवाज सर्वांत मोकळा होईल तिथे थांबतात, मग थोडा मागे घेतात. कान तयार असतो, यात शंका नाही. पण त्याने मंद वेगावरचे टायमिंग लागते. वजने गंजून अडकली असतील तर ते कानाला कळत नाही. गाडी उभी असताना ठीक वाटते आणि नळदुर्गच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की पिकअप मरतो. मग कार्बोरेटर उघडला जातो, निष्कारण. पॉइंट आणि चासी यांच्यात बारा व्होल्टचा बल्ब लावून पॉइंट नेमका केव्हा उघडतो ते पाहणेही चांगले. पण तीही उभ्या इंजिनाचीच परीक्षा. चालत्या इंजिनाची परीक्षा टायमिंग लाइटने होते: निर्वाताची नळी काढून तिचे तोंड बंद करायचे, वेग वाढवायचा आणि पुलीवरची खूण सरकते का ते पाहायचे. सरकली नाही तर वजने अडकली आहेत.

सोपे करून सांगावेच लागते, हे आम्हाला मान्य आहे. पण चांदणी बोटभर अलीकडे काढली तर धडा अवघड होत नाही. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, मग हे जुने कशाला, असेही कोणी म्हणेल. आजच्या गाडीत वजनांचे काम सेन्सर आणि संगणक करतात. ठिणगी मात्र अजूनही आधीच पडते. फरक इतकाच की, ते आता डोळ्यांना दिसत नाही.

चालत्या इंजिनाजवळ मुलांना नेऊ नये. पंखा आणि उच्च दाबाच्या वायरी धोक्याच्या असतात. भंगारातला एक डिस्ट्रिब्युटर टेबलावर पुरे. दांडा घट्ट धरून रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने बोटांनी पिळावा आणि सोडावा. तो थोडा सरकून स्प्रिंगने परत आला, तर वजने मोकळी आहेत. डबीच्या नळीतून तोंडाने हवा ओढली की पॉइंटची पट्टी हलायला हवी. हलली नाही तर पडदा फाटला आहे. नळी आधी पुसून घ्यावी.