दिव्याखालचा अंधार

'अ‍ॅन इन्कन्व्हीनियंट ट्रूथ' या माहितीपटाचा विषय निघाला की आपल्या मंडळींत हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, "त्या माणसाने जगाचे डोळे उघडले." दुसरा लगेच विचारतो, "आणि त्याच्या स्वतःच्या घराचे विजेचे बिल पाहिलेत का?" पुढची सारी चर्चा माणसाबद्दल होते, माहितीपट बाजूलाच राहतो. याचा दोष केवळ चर्चा करणाऱ्यांना देऊन भागणार नाही. तो बऱ्याच अंशी त्या माहितीपटाच्या घडणीतच आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी हकीकत. डेव्हिस गुगेनहाइम दिग्दर्शित हा माहितीपट २००६ साली आला. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर ठिकठिकाणी हवामानबदलावर जे सचित्र व्याख्यान देत, तेच त्याचा गाभा. २५ फेब्रुवारी २००७ रोजी त्याला ऑस्कर मिळाले आणि दुसऱ्याच दिवशी टेनेसीतील एका संस्थेने जाहीर केले की गोर यांच्या नॅशव्हिलच्या घरात २००६ मध्ये सुमारे २,२१,००० युनिट वीज वापरली गेली. सरासरी अमेरिकन घराला तेव्हा वर्षाला साधारण १०,६०० युनिट लागत. मी पडलो इंजिनियर. भागाकार केल्याशिवाय चैन पडत नाही. सरासरी घर म्हणजे वर्षभर अहोरात्र चालणारा सव्वा किलोवॉटचा भार, आणि ते घर म्हणजे पंचवीस किलोवॉटचा. आपल्याकडे एक टोस्टर वर्षभर चालू असेल, तर तिथे वीस!

गोर यांच्या बाजूने खुलासा आला तो असा: घर मोठे आहे, पतिपत्नी दोघांचे कार्यालयही तिथेच आहे, ते जादा पैसे मोजून 'हरित वीज' घेतात, आणि उरलेल्या कार्बनची भरपाई विकत घेतात. हा खुलासा खोटा नव्हता, पण तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर होता. हरित विजेसाठी जादा पैसे दिले म्हणून आपल्या तारेतून पवनचक्कीचीच वीज येते असे नाही. सगळी वीज एकाच जाळ्यात मिसळते. त्या पैशांतून कुठेतरी स्वच्छ वीजनिर्मितीला हातभार लागतो, हे चांगलेच. परंतु 'कमी वापरणे' आणि 'वापरून भरपाई करणे' या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि माहितीपटाच्या अखेरीस श्रेयनामावलीसोबत प्रेक्षकाला जे उपदेश केले जातात, त्यांत घरातली वीज वाचवण्याचा उपदेश ठळक आहे. जो दुसऱ्याला दिवे बदलायला सांगतो, त्याचे दिवे मोजण्याचा हक्क ऐकणाऱ्याला आपोआपच मिळतो.

मुद्दा इथेच संपत नाही. हा माहितीपट विज्ञान सांगता सांगता एका माणसाचे चरित्रही सांगतो. मुलाचा अपघात, २००० सालची निवडणूक, आणि सर्वांत हृद्य म्हणजे बहिणीची कथा. गोर कुटुंब तंबाखू पिकवीत असे. बहीण नॅन्सी फुप्फुसाच्या कर्करोगाने १९८४ साली गेली, आणि त्यानंतर वडिलांनी तंबाखूचे पीक बंद केले. हा प्रसंग सांगून गोर स्वतःच एक माप घालून देतात: सत्य कळले की हातातले काम बदलायला हवे. मग प्रेक्षकाने तेच माप त्यांच्या घराला लावले तर त्याला खोडसाळ कसे म्हणावे?

पण याच मापाने विज्ञान मोजायला निघणे ही मात्र गल्लत आहे. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही म्हण पाषाणाबद्दल बोलते. ब्रह्मज्ञान खोटे आहे असे ती कुठेही म्हणत नाही. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाईतील मौना लोआ येथे मोजमाप सुरू केले, तेव्हा हवेतील कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग होता. २०२४ मध्ये तो ४२० च्या वर होता. त्या यंत्राला गोर कोण हे ठाऊक नाही.

बिलाच्या या गोंधळात माहितीपटाची खरी चिकित्सा मात्र राहून गेली. २००७ मध्येच इंग्लंडच्या उच्च न्यायालयात तो शाळांत दाखवण्यावरून खटला झाला. न्यायाधीशांनी त्यातले विज्ञान ढोबळमानाने बरोबर ठरवले, पण नऊ मुद्द्यांवर बोट ठेवले. समुद्र वीस फूट चढण्याचे दृश्य जणू उद्यावर येऊन ठेपल्यासारखे दाखवले आहे, हा त्यांतला एक. टीका करायचीच तर ती अशी, मजकुराला धरून हवी.

मग बोलणाऱ्याच्या आचरणाला काहीच किंमत नाही का? आहे, आणि ती मोजलीही गेली आहे. शाहझीन अट्टारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दिसले की सांगणाऱ्याचा स्वतःचा ऊर्जावापर मोठा असेल तर ऐकणाऱ्याचा विश्वास बराच घसरतो, आणि त्याने आपला वापर कमी केला तर तो विश्वास पुष्कळसा परततो. म्हणजे लोक संतपद मागत नाहीत, दिशा पाहतात. गोर यांनी पुढे घरावर सौर पट्ट्या बसवल्या, भूगर्भातील उष्णतेवर चालणारी यंत्रणा घेतली. तरीही २०१७ मध्ये दुसऱ्या एका संस्थेने वर्षाचा आकडा सुमारे २,३०,००० युनिट असल्याचे सांगितले. साधने बदलली, आकडा मात्र होता तिथेच राहिला.

आता थोडे आपल्याकडे. न्यूयॉर्क ते मुंबई जाऊन-येऊन विमानप्रवासाचा हिशेब दरमाणशी ढोबळ दोन टन कार्बन डायऑक्साइड येतो. चौघांच्या कुटुंबाची डिसेंबरची एक भारतवारी म्हणजे आठ टन. सरासरी अमेरिकन घराच्या जवळजवळ दोन वर्षांच्या विजेइतके. म्हणून आईवडिलांना भेटायला जाऊ नये काय? मुळीच नाही. पण इथे वाढलेली आपली मुले शाळेत हाच विषय शिकून येतात आणि जेवताना सरळ प्रश्न विचारतात. त्यांच्यापुढे आकडा लपवला, तर आपण सांगितलेले विज्ञानही त्यांना लपवाछपवीच वाटेल.

कार्बनचा आलेख छताकडे जातो तेव्हा गोर यांत्रिक पाळण्यात उभे राहून वर चढतात. ते दृश्य कोणी विसरत नाही. त्याच व्याख्यानात त्यांनी स्वतःचे वीजबिल पडद्यावर दाखवून "हे माझे, आणि हे मी असे कमी करणार आहे" असे म्हटले असते, तर विरोधकांना ऑस्करच्या दुसऱ्या दिवशी सांगण्यासारखे काही उरले नसते. त्या व्याख्यानात एवढे एकच चित्र कमी पडले. आपल्या मंडळात या विषयावर जो कोणी बोलायला उभा राहील, त्याने सुरुवात त्याच चित्राने करावी.