'लोक' कोणाच्या भाषेत बोलतात? : एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच इतिहासलेखन व कादंबरी यांतील जनतेचे चित्रण

प्रस्तावना

फ्रेंच राज्यक्रांतीविषयी मराठीत जे लिहिले व शिकविले जाते, त्यात एक वाक्य हमखास आढळते : १४ जुलै १७८९ रोजी फ्रेंच जनतेने बॅस्तिलचा तुरुंग पाडाव केला. हे वाक्य चुकीचे नाही. परंतु त्यातील 'जनता' हा कर्ता नेमका कोण, याचा विचार क्वचितच होतो. ज्या फ्रेंच शब्दासाठी आपण 'जनता' हा पर्याय योजतो, तो 'पेप्ल' हा शब्द मुळातच दुहेरी आहे. राजाऐवजी जो सत्तेचा धनी झाला तो सार्वभौम समुदाय म्हणजे 'पेप्ल', आणि ज्याच्या हाती सत्ता, संपत्ती वा अक्षर यांपैकी काहीच नाही तो कष्टकरी वर्ग, तोही 'पेप्ल'च. मराठीत या दोन अर्थांसाठी जनता, लोक, प्रजा, रयत असे वेगवेगळे शब्द उपलब्ध आहेत. फ्रेंचमध्ये एकाच शब्दाने दोन्ही अर्थ वाहिल्यामुळे, एकाच्या नावाने दुसऱ्याने बोलणे सोपे झाले.

प्रस्तुत लेखात मिशले, ह्यूगो, फ्लोबेर व झोला या चार लेखकांच्या आधारे पुढील मुद्दा मांडावयाचा आहे : एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच साहित्याने जनतेला नायकपद दिले; मात्र तिला स्वतःचे वाक्य देणे त्याला फार कठीण गेले. म्हणून या साहित्याचे मूल्यमापन करताना जनतेविषयीची सहानुभूती ही पुरेशी कसोटी ठरत नाही. बोलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे पाहणे अधिक आवश्यक ठरते.

१. एक राष्ट्र, अनेक बोली

जानेवारी १७८९ मध्ये सिएस यांनी आपल्या प्रसिद्ध पुस्तिकेत तिसरा वर्ग म्हणजेच संपूर्ण राष्ट्र, असा सिद्धान्त मांडला. राजकीय दृष्ट्या ही मांडणी क्रांतिकारक होती. परंतु हे राष्ट्र कोणती भाषा बोलत होते? आबे ग्रेग्वार यांनी १७९० मध्ये प्रांतोप्रांती प्रश्नावली पाठविली व १७९४ मध्ये राष्ट्रीय अधिवेशनापुढे आपला अहवाल ठेवला. त्यांच्या अंदाजानुसार किमान ६० लाख फ्रेंच नागरिकांना राष्ट्रभाषा मुळीच येत नव्हती, जवळजवळ तितक्याच लोकांना तीत सलग संभाषण करता येत नव्हते आणि शुद्ध फ्रेंच बोलणाऱ्यांची संख्या ३० लाखांपलीकडे नव्हती. ब्रेतों, बास्क, ऑक्सितान, आल्सेशियन अशा भाषा व असंख्य बोली बोलणारा हा समाज होता. अहवालाचा निष्कर्ष मात्र या बोली समजून घ्याव्यात असा नव्हता. त्या नाहीशा कराव्यात असा होता. जनतेला सार्वभौम ठरविणारी क्रांती जनतेच्या तोंडची भाषा संशयास्पद मानत होती, हा विरोधाभास येथे स्पष्ट होतो.

ही परिस्थिती लवकर पालटली नाही. १८६३ च्या सरकारी पाहणीत ३७,५१० कम्यूनांपैकी ८,३८१ कम्यूनांत फ्रेंच बोलली जात नसल्याची नोंद आहे. यूजेन वेबर यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात ग्रामीण शेतकऱ्यांचे 'फ्रेंच' होणे ही मुख्यतः १८७० ते १९१४ या काळातील घटना असल्याचे दाखविले. शाळा, रस्ते, रेल्वे व सक्तीची लष्करी सेवा ही त्या घडणीची साधने होती. १८८१-८२ च्या जूल फेरी यांच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. थोडक्यात, राष्ट्र आधी घोषित झाले आणि त्याची भाषा बोलणारे लोक नंतर घडविले गेले.

या अंतराची जाणीव ह्यूगोंच्या 'त्र्याण्णव' (१८७४) या कादंबरीच्या प्रारंभीच दिसते. १७९३ मध्ये तीन लाख सैनिकांच्या भरतीच्या हुकुमानंतर पश्चिमेकडील व्हाँदे प्रांतातील शेतकरी प्रजासत्ताकाविरुद्धच उठले. त्या धामधुमीत पॅरिसहून आलेल्या तुकडीला जंगलात तीन मुलांची एक दरिद्री आई सापडते. सार्जंट तिला तिचा देश कोणता, असे विचारतो. तिला प्रश्नच कळत नाही. शेवटी ती जे उत्तर देते ते एका शेतवाडीचे व पॅरिशचे नाव असते. फ्रान्स हा तिला आपला देश वाटत नाही. 'जनतेचे सैन्य' आणि 'जनता' समोरासमोर उभी असूनही त्यांच्यात संवाद होत नाही, हे या प्रसंगाचे मर्म आहे.

२. मिशले : प्रेम आणि असमर्थता

फ्रेंच जनतेला इतिहासाचा नायक करण्याचे श्रेय प्रामुख्याने ज्यूल मिशले (१७९८-१८७४) यांच्याकडे जाते. पॅरिसमधील एका गरीब मुद्रकाचा हा मुलगा. 'जनता' (१८४६) हा त्यांचा ग्रंथ आणि १८४७ ते १८५३ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झालेला राज्यक्रांतीचा इतिहास, या दोहोंत व्यक्ती मागे सरतात आणि समूह पुढे येतो. मिशले यांच्या मते क्रांतीचे खरे कर्तृत्व नेत्यांचे नसून जनतेचे होते.

तथापि मिशले यांची जनता एकसंध आहे. ती एका मनाने विचार करते, एका हृदयाने क्षुब्ध होते. व्हाँदेचा शेतकरी त्यांना धर्मगुरूंच्या प्रभावाखाली वाट चुकलेला वाटतो. त्याचे म्हणणे काय असू शकते, याला त्यांच्या रचनेत फारशी जागा नाही. बॅस्तिलवरील हल्ल्याचेही तेच. जॉर्ज रूडे यांनी १९५९ च्या अभ्यासात तत्कालीन याद्या तपासल्या, तेव्हा त्या अमूर्त जनतेच्या जागी सुतार, कुलूपकार, चांभार, लहान दुकानदार व कारागीर अशी हाडामांसाची माणसे दिसू लागली. त्यांतील अनेक जण बाहेरच्या प्रांतांतून पॅरिसला आलेले होते. दुसऱ्या टोकाला इपोलित तेन यांना १८७० नंतरच्या आपल्या इतिहासात हाच समूह पशुवत् झुंड वाटला. मिशले यांची देवता आणि तेन यांची झुंड या परस्परविरोधी प्रतिमा आहेत. पण दोन्हींतील जनता सारखीच बिनचेहऱ्याची आहे.

मिशले यांचे मोठेपण असे की, ही उणीव त्यांनी स्वतःच ओळखली. १८६९ च्या 'आमची मुले' या ग्रंथात ते मान्य करतात की, आपला जन्म जनतेत झाला, जनता आपल्या अंतःकरणात होती, परंतु तिची भाषा आपल्या हाती लागली नाही. तिला बोलते करणे आपल्याला जमले नाही. आयुष्यभर जनतेच्या वतीने बोललेल्या इतिहासकाराचे हे विधान विनयापोटी आलेले म्हणून बाजूला सारता येत नाही. एका संपूर्ण लेखनपरंपरेचे ते अचूक निदान आहे.

३. ह्यूगो : करुणेची मर्यादा

'ले मिझेराब्ल' (१८६२) या कादंबरीने फ्रेंच गरिबांना जगभर पोहोचविले. पावाच्या चोरीसाठी सुरू झालेली आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांमुळे १९ वर्षांपर्यंत लांबलेली झाँ व्हाल्झाँची शिक्षा ही दंडव्यवस्थेवरील जळजळीत टीका आहे. ह्यूगोंनी या कादंबरीत चोरांच्या व गुन्हेगारांच्या बोलीवर एक स्वतंत्र प्रकरणसमूह लिहिला आणि ती बोली साहित्यात आणण्याचे समर्थन केले. परंतु त्या भागात बोली ही अभ्यासविषय म्हणून येते. निवेदक तिचे वर्णन करतो, तिची व्युत्पत्ती सांगतो, तिच्यावर चिंतन करतो. त्या बोलीत स्वतः निवेदन करीत नाही. गाव्हरोशसारख्या पोराच्या तोंडी ती खेळकरपणे येते, पण कादंबरीचा निर्णायक आवाज ह्यूगोंचाच राहतो.

याचे कारण केवळ शैलीत शोधणे अपुरे होईल. कादंबरीतील बॅरिकेड जून १८३२ च्या उठावातील आहे. मात्र तिच्यामागे जून १८४८ ची छाया आहे. फेब्रुवारी १८४८ च्या क्रांतीने पुरुषांना सार्वत्रिक मताधिकार दिला आणि मतदारांची संख्या सुमारे अडीच लाखांवरून ९० लाखांवर गेली. अवघ्या चार महिन्यांनी राष्ट्रीय कार्यशाळा बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध पॅरिसचे कामगार रस्त्यावर उतरले आणि जनतेने निवडलेल्या सभेच्या सैन्याने त्यांना चिरडले. त्या वेळी ह्यूगो लोकप्रतिनिधी होते आणि बॅरिकेडच्या पलीकडे नव्हे, अलीकडे होते. कादंबरीच्या पाचव्या भागाच्या आरंभी ते या उठावाकडे वळतात आणि जनतेने स्वतःविरुद्धच केलेले बंड अशा अर्थाने त्याची मांडणी करतात. सार्वभौम 'पेप्ल' आणि भुकेला 'पेप्ल' येथे एकमेकांवर गोळ्या झाडतात. ह्यूगोंची करुणा प्रामाणिक आहे. पण या प्रसंगी ती कोणाच्या बाजूने बोलावे हे ठरवू शकत नाही.

४. फ्लोबेर व झोला : दोन वेगळे मार्ग

'मादाम बोव्हारी' (१८५७) मधील कृषिप्रदर्शनाचा प्रसंग सुपरिचित आहे. लांबलचक शासकीय भाषणानंतर कातरीन लरू या वृद्ध मोलकरणीला एकाच शेतावर ५४ वर्षे सेवा केल्याबद्दल २५ फ्रँकांचे रौप्यपदक दिले जाते. ती बावरलेली आहे, तिच्या हातांवर कष्टाच्या खुणा आहेत. ती एकच वाक्य बोलते : हे पदक आपण गावच्या पाद्र्याला देऊ, म्हणजे तो आपल्यासाठी प्रार्थना करील. ते ऐकून स्वतःला पुरोगामी समजणारा औषधविक्रेता ओमे धर्मवेडाबद्दल नाराजी व्यक्त करतो. फ्लोबेर जनतेविषयी एकही गौरवाचा शब्द लिहीत नाहीत. तरीही पानेच्या पाने भाषण आणि एकच वाक्य, या प्रमाणातून अधिकाराचे वाटप कसे झाले आहे ते वाचकाला नेमके कळते.

एमिल झोला यांनी 'लासोम्वार' (१८७७) मध्ये याहून धाडसी पाऊल उचलले. पॅरिसच्या गूत-दोर वस्तीतील धोबीण जेर्व्हेझ हिची ही कथा. येथे कामगारांची बोली केवळ संवादांत नसून निवेदनात शिरते. निवेदक आणि वस्ती यांच्यातील सीमारेषा पुसट होते. त्यामुळे पुराणमतवादी मंडळींना कादंबरी अश्लील वाटली आणि काही प्रजासत्ताकवाद्यांना ती कामगारांची बदनामी वाटली. प्रस्तावनेत झोला यांनी, जनतेविषयीची खोटे न बोलणारी ही पहिलीच कादंबरी असल्याचा दावा केला.

हा दावा तपासून घ्यावा लागतो. झोला हे अभियंत्याचे पुत्र होते. या कादंबरीसाठी त्यांनी बोलीच्या कोशाचा आणि दनी पूलो यांच्या १८७० मधील कामगारविषयक पुस्तकाचा आधार घेतला. पूलो हे स्वतः कारखानदार होते. म्हणजे कामगारांचे शब्द कादंबरीत आले ते काही अंशी मालकाच्या वहीतून आले. तरीही 'लासोम्वार'चे महत्त्व कमी होत नाही, कारण तिने साहित्यभाषेचा सोवळेपणा कायमचा मोडला. 'जेर्मिनाल' (१८८५) साठी झोला संपकाळात आंझँच्या खाणींत गेले. १९०२ मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेत खाणकामगारांनी या कादंबरीच्या नावाचा घोष केला. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनी ते आपले मानले, ही पावती लहान नव्हे.

५. एक आक्षेप व त्याचा विचार

येथे असा आक्षेप संभवतो की, जनतेची भाषा म्हणजे बोली, हे समीकरण तरी कोणी ठरविले? जाक राँसिएर यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात १८३० व १८४० च्या दशकांतील शिंपी, सुतार, मुद्रक अशा कामगारांचे लेखन तपासले. दिवसभराच्या श्रमानंतर झोपेचे तास खर्चून हे कामगार कविता, पत्रे, निबंध लिहीत आणि ते बहुधा प्रमाण, साहित्यिक फ्रेंचमध्ये लिहीत. १८४० ते १८५० पर्यंत चाललेले 'लातेलिए' हे पत्र तर कामगारच संपादित करीत. ज्यांना विद्वानांनी 'लोकभाषेचे' प्रतिनिधी मानले, त्यांना प्रत्यक्षात दुसऱ्यांच्या मानल्या गेलेल्या भाषेवर हक्क हवा होता.

या आक्षेपामुळे आपली कसोटी बाद होत नाही. ती अधिक नेमकी होते. बोलीचे प्रमाण मोजून साहित्यकृतीची लोकाभिमुखता ठरविता येणार नाही. कोणत्या भाषेत बोलावे हे ठरविण्याचा अधिकार चित्रित माणसाकडे आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दोन कृती या प्रश्नाला भिडतात. आलँ कोर्बँ या इतिहासकाराने १९९८ च्या ग्रंथात लुई-फ्राँस्वा पिनागो या निरक्षर, अनाम लाकडी-बूटकाराचे जग पुन्हा उभे केले. दप्तरांतून हे नाव त्यांनी मुद्दाम यदृच्छेने निवडले. पिनागोचा जन्म १७९८ चा, म्हणजे मिशले यांच्याच जन्मवर्षातला. एकाने जनतेविषयी हजारो पाने लिहिली. दुसऱ्याने सहीच्या जागी फुली केली. कोर्बँ त्याच्या तोंडी एकही कल्पित वाक्य घालत नाहीत. मौन मौन म्हणूनच नोंदवितात. दुसरी कृती आनी एर्नो यांची 'जागा' (१९८३). २०२२ च्या नोबेल पुरस्काराच्या मानकरी असलेल्या या लेखिकेने नॉर्मंडीतील आपल्या वडिलांचे, शेतमजूर, कामगार ते लहान कॅफे-किराणा दुकानाचा मालक असे आयुष्य, हेतुतः सपाट शैलीत लिहिले. वडिलांची वाक्ये त्यात येतात, पण ती रंजनासाठी वा कौतुकासाठी येत नाहीत. कातरीन लरूच्याच प्रांतातील कष्टकऱ्याची मुलगी येथे स्वतः लेखणी धरते.

निष्कर्ष

१) 'फ्रेंच जनता' ही एकसंध वस्तुस्थिती नव्हती. भाषा, प्रांत व वर्ग यांनी विभागलेल्या समाजाला दिलेले ते राजकीय आणि साहित्यिक नाव होते.

२) मिशले व ह्यूगो यांनी जनतेला प्रतिष्ठा दिली, परंतु तिच्या वतीने बोलण्याची प्रथाही दृढ केली. मिशले यांची १८६९ ची कबुली या परंपरेचे आत्मपरीक्षण होय.

३) फ्लोबेर यांचे संयमित मौन आणि झोला यांची बोलीमिश्रित निवेदनशैली हे या पेचातून काढलेले दोन मार्ग होत. दोन्हींच्या मर्यादा ध्यानात घेऊनही ते जनतेच्या स्तुतीपेक्षा अधिक सत्यनिष्ठ ठरतात.

४) जनतेचे साहित्य बोलीवरून ओळखण्याऐवजी, भाषा निवडण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावरून ओळखावे.

अध्यापनाच्या दृष्टीनेही याचे महत्त्व आहे. वर्गात 'जनतेने बॅस्तिल पाडाव केला' हे वाक्य उच्चारताना त्यातील सुतार, धोबीण, परप्रांतीय कारागीर यांची नावे घेता आली, आणि त्याच प्रजासत्ताकाला न समजलेल्या 'त्र्याण्णव'मधील शेतकरी स्त्रीची आठवण ठेवता आली, तर राज्यक्रांतीचे मोल कमी होणार नाही. ज्यांच्या नावाने ती झाली, त्यांच्यापर्यंत विद्यार्थ्यांना पोहोचता येईल.