फीनिक्समधील चॅनल : परवानगी आणि कालावधी

वेबचा मूळ व्यवहार अल्पायुषी होय. ब्राउझरने विनंती करावी, सर्व्हरने तिची छाननी करून उत्तर द्यावे, आणि संबंध तेथेच संपावा, अशी ती रीत आहे. ह्या रीतीत एक सुरक्षितता आपोआप लाभते. मागणारा कोण आणि त्यास अधिकार आहे की नाही, हा प्रश्न प्रत्येक विनंतीगणिक नव्याने विचारता येतो. डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ ह्या प्रमाणपत्रकाने वेबसॉकेटचे स्वरूप निश्चित झाले आणि एकदा जोडलेला दुवा तासन्‌तास उघडा ठेवण्याची सोय झाली. परंतु दार उघडेच राहू लागल्यावर द्वारपालाने प्रश्न केव्हा विचारावयाचा, हा पेचही त्याबरोबरच निर्माण झाला.

ख्रिस मॅककॉर्ड यांनी एलिक्झिर भाषेत रचलेल्या फीनिक्स ह्या फ्रेमवर्कचा विचार ह्या दृष्टीने उद्बोधक ठरतो. २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. त्याच वर्षी एकाच सर्व्हरवर वीस लाख सॉकेट जोडून दाखविण्याचा त्याचा प्रयोग गाजला. हे यश खरे आहे. एरिक्सन कंपनीत टेलिफोन-यंत्रणेसाठी जन्मलेल्या अर्लांगच्या पायावर फीनिक्स उभे असल्याने त्यातील प्रत्येक चॅनल हा एक स्वतंत्र, हलका प्रोसेस असतो. एक कोसळला तरी शेजारच्यास धक्का लागत नाही. तथापि वीस लाख ही संख्या एका क्षणीचा विस्तार मोजते. त्यातील एखादा दुवा दहा तास टिकला तर त्याचे काय होते, हे ती सांगत नाही.

काळाचा विचार फीनिक्सने केलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ब्राउझरकडील भाग दर ३० सेकंदांनी हृदयस्पंदनासारखा संकेत पाठवितो. ६० सेकंद काहीच न आल्यास सर्व्हर वेबसॉकेटचा दुवा मृत मानतो. १५ सेकंद निष्क्रिय राहिलेला चॅनल निद्रिस्त होऊन स्मृतीचा भार हलका करतो. म्हणजे काळामुळे तारेस किंवा स्मृतीस जेथे बाधा पोहोचते, तेथे रचनाकार जागरूक आहेत. अधिकारावर काळाचा जो परिणाम होतो, तेथे मात्र ही जागरूकता ओसरते.

अधिकाराची तपासणी दोन स्थळी होते : सॉकेट जोडताना 'कनेक्ट'मध्ये आणि विषयात प्रवेश देताना 'जॉइन'मध्ये. दोन्ही प्रवेशकालीन आहेत. दस्तऐवजातील प्रसिद्ध उदाहरणात टोकनाची मुदत १२,०९,६०० सेकंद, म्हणजे चौदा दिवस दिली आहे. परंतु ही मुदत जोडणीच्या क्षणीच पाहिली जाते. चौदाव्या दिवसाच्या अखेरच्या मिनिटास जोडलेला सॉकेट पंधराव्या दिवशीही चालूच राहतो. समजा, एखाद्या सदस्यास दुपारी गटातून वगळले. डेटाबेसमध्ये नोंद बदलली. परंतु त्याच्या चॅनलच्या स्मृतीत सकाळचाच अधिकार आहे. गटातील खासगी मजकूर त्याच्या पडद्यावर येतच राहतो, आणि कोठेही दोष नोंदला जात नाही.

ह्यावर उपाय नाही असे नव्हे. सॉकेटास 'आयडी' दिल्यास त्या नावे 'डिस्कनेक्ट' संदेश प्रसारित करून दुवा तोडता येतो. परंतु फीनिक्सने तयार करून दिलेल्या आरंभीच्या साच्यात हा आयडी 'निल' असतो, आणि निनावी सॉकेटास असे निवडून तोडता येत नाही. शिवाय दुवा तोडणे म्हणजे अधिकार काढणे नव्हे. जवळचे टोकन मुदतीत असेल, तर त्याच टोकनाने पुन्हा दार ठोठावता येते. म्हणून 'जॉइन'ने टोकनावर न विसंबता डेटाबेसमधील चालू अधिकार पाहावयास हवा. आणि चॅनलच्या प्रोसेसने स्वतःस ठराविक अंतराने स्मरणसंदेश पाठवून तीच तपासणी पुन्हा करावयास हवी. अंतर जितके लहान, तितका डेटाबेसवरील भार अधिक. ह्या दोहोंचा मेळ उपयोजनाच्या स्वरूपावरून घालावा लागेल.

कोणाचा अधिकार केव्हा संपतो, हे फ्रेमवर्कास ठाऊक असणे शक्य नाही, हा बचाव अंशतः ग्राह्य आहे. परंतु संदेशांच्या बाबतीत हेच फ्रेमवर्क अधिक स्पष्ट आहे. सर्व्हरकडून निघालेला संदेश फार तर एकदाच पाठविला जाईल, मधल्या काळात दुवा तुटल्यास तो पुन्हा पाठविला जाणार नाही, असे त्याचा दस्तऐवज उघड सांगतो. शेवटी पाहिलेल्या संदेशाचा क्रमांक प्रवेशाच्या वेळी पाठवून उणीव भरून काढण्याचा मार्गही दाखवितो. मर्यादा सांगून उपाययोजनेची जागा नेमून देण्याची हीच रीत अधिकाराच्या पुनर्तपासणीसही लागू करता आली असती. संदेश हरवला तर वाचकाची गैरसोय होते; परंतु तो भलत्याच्या हाती पडला तर विश्वासघात होतो. दीर्घजीवी चॅनलचे मूल्यमापन करताना किती दुवे जोडले गेले ह्याइतकेच, जो दुवा तुटावयास हवा होता तो वेळीच तुटला काय, हेही पाहिले पाहिजे.