चार कोटी आणि गणकयंत्र

अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ न्यूएल बेल्नॅप यांनी गणकयंत्राने विचार कसा करावा याविषयी १९७७ साली मांडलेले विवेचन बौद्ध न्यायाच्या अभ्यासकांनी अवश्य वाचावे, असे आम्हांस वाटते. यंत्राला दोन विश्वसनीय ठिकाणांहून परस्परविरुद्ध माहिती मिळाली, तर रूढ तर्कशास्त्रानुसार त्या विसंगतीतून वाटेल ते विधान सिद्ध होते. हा अनर्थ टाळण्यासाठी बेल्नॅप सत्य, असत्य, उभय व अनुभय अशी चार मूल्ये मानतात. विसंगती जेथल्या तेथे राहते; इतर ज्ञान दूषित होत नाही.

ही आपली चतुष्कोटीच होय, असे म्हणण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. बेल्नॅप यांचे 'उभय' म्हणजे यंत्राला दोन्ही सांगितले गेले, आणि 'अनुभय' म्हणजे काहीच सांगितले गेले नाही, एवढेच. चूळमालुक्यसुत्तातील चार कोटी मरणोत्तर तथागताविषयी आहेत, आणि भगवंतांनी त्या चारही अव्याकृत ठेवल्या.

खरा संबंध अन्यत्र आहे. विसंगती आधीच शोधून काढावी म्हटले, तर शंभर स्वतंत्र विधानांच्या सत्यतासारणीत २ चा १०० वा घात इतक्या ओळी होतात. ही संख्या ३१ अंकी आहे. तेथे कोणतेही यंत्र थकेल. त्याच सुत्तातील विषारी बाणाने विद्ध झालेल्या मनुष्यालाही धनुर्धराचे कुलगोत्र विचारण्यास अवधी नाही. अपुऱ्या वेळात कोणता प्रश्न सोडून द्यावा, हे बेल्नॅप यांच्या चार मूल्यांतून कळत नाही. दुःखनिरोधास उपकारक काय, ही सुत्ताची कसोटी तेवढे निश्चित सांगते.