यंत्र कशाला चूक म्हणतं?

गेल्या वर्षभरात मी सगळ्यात जास्त वाचलेला मजकूर म्हणजे टेकचा लॉग. टेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर. इंग्रजीत टी-ई-एक्स असं लिहितात, पण शेवटचं अक्षर ग्रीक आहे, म्हणून उच्चार टेक. आणि लॉग म्हणजे चालताना सॉफ्टवेअर स्वतःबद्दल जे लिहून ठेवतं ती रोजनिशी. ती कुणी साहित्य म्हणून वाचत नाही. चुकीची ओळ शोधायची, सर्चमध्ये टाकायची, उत्तर मिळालं की फाइल बंद.

पण चूक सांगणारं प्रत्येक वाक्य कुणीतरी माणसाने लिहिलेलं असतं. लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर एक वाचक असतो, एक कॉम्प्युटर असतो, एक भाषा असते. आपण तो वाचक नसलो, आपला कॉम्प्युटर तो नसला आणि भाषाही वेगळी असली, की ही वाक्यं नीट दिसायला लागतात. माझ्या बाबतीत हे तिन्ही योग जुळून आले.

माझा मामा लग्नाकार्यातला आचारी. त्याच्याकडे एक वही आहे: पन्नास, दोनशे, पाचशे पानांचा हिशेब, कशाला किती डाळ, किती तेल, मीठ कधी. या वहीची छोटी पुस्तिका करायची होती. घरी जुना लॅपटॉप होता आणि त्यावर फ्रीबीएसडी. ही बर्कलीच्या युनिक्सच्या घराण्यातली, १९९३ पासून चालत आलेली ऑपरेटिंग सिस्टिम. सर्व्हरवर भेटते, घरातल्या टेबलावर क्वचितच. तिच्यावर टेक बसवून मराठी पानं लावायची, एवढंच काम. त्या कामात भेटलेल्या वाक्यांची ही समीक्षा आहे.

‘सापडलं नाही’

पुस्तिका तयार करण्यासाठी एका मित्राने लिनक्सवर एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली होती. फ्रीबीएसडीवर ती चालवली तर उत्तर आलं: ‘नॉट फाउंड’. फोल्डर उघडलं तर फाइल समोर. नाव बरोबर, परवानगी बरोबर. पुन्हा चालवली, पुन्हा तेच.

न सापडलेली वस्तू दुसरीच होती. अशा स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं की पुढचा मजकूर कोणी वाचायचा. त्या वाचणाऱ्या प्रोग्रॅमला इंग्रजीत इंटरप्रिटर म्हणतात, म्हणजे दुभाष्या. मित्राने लिहिलं होतं की दुभाष्या ‘बॅश’, पत्ता ‘बिन’ फोल्डर. लिनक्सवर तो तिथेच राहतो. फ्रीबीएसडीमध्ये बॅश मूळ सिस्टिमचा भाग नाही. तो वेगळा बसवावा लागतो, आणि बसवला की ‘यूएसआर’मधल्या ‘लोकल’ या फोल्डरात जातो, कारण या सिस्टिममध्ये घरचं सामान आणि पाहुण्यांचं सामान कधी एकत्र ठेवत नाहीत. पर्लचंही तसंच. एके काळी ती भाषा मूळ सिस्टिममध्ये होती, आवृत्ती ५.० पासून बाहेर काढली. टेक लाइव्ह या संचाचा इन्स्टॉलर पर्लमध्येच लिहिलेला आहे, म्हणून आधी पर्ल बसवायचं. सुदैवाने त्या इन्स्टॉलरची पहिली ओळ शहाणी आहे. ती पक्का पत्ता देत नाही. ‘पर्ल जिथे असेल तिथून बोलवा’ असं ‘एनव्ही’ नावाच्या मदतनिसाला सांगते. मित्राच्या स्क्रिप्टची पहिली ओळ तशी बदलली, बॅश बसवला, स्क्रिप्ट चालली.

आता या दोन शब्दांच्या वाक्याकडे वाचक म्हणून बघा. ‘सापडलं नाही.’ काय सापडलं नाही? कुणाला? कर्म नाही, कर्ता नाही. दारात उभ्या माणसाला ‘घरी नाहीत’ म्हणून दार लावून घ्यावं तसं. एखादी गोष्ट मिळाली नाही की सिस्टिमचा गाभा फक्त एक ठरलेला आकडा परत करतो. कमांड चालवणारा शेल त्या आकड्याचं भाषांतर करतो आणि त्या भाषांतरात नेमकी गरजेची माहिती गळून जाते.

आणि हे अटळ नाही, हे त्याच सिस्टिमवर दोन तासांनी कळलं. मराठीसाठी टेकचा झीटेक हा अवतार लागतो. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी तो आधी मॅकसाठी आणला. तो युनिकोड वाचतो आणि सिस्टिममधले फॉन्ट वापरतो. माझ्या लॅपटॉपवर फॉन्ट शोधणारी ‘फॉन्टकॉन्फिग’ ही लायब्ररी नव्हती. झीटेक सुरू होण्याआधीच थांबला, पण या वेळचं वाक्य पूर्ण होतं: अमुक नावाची फाइल सापडली नाही, आणि ती झीटेकला हवी होती. काय हरवलं आणि कुणाचं अडलं, दोन्ही एकाच ओळीत. एक पॅकेज बसवलं, प्रश्न मिटला. दोन्ही वाक्यं ‘नॉट फाउंड’चीच, पण एक टाळतं आणि दुसरं मदत करतं.

टेकची बोली

टेक डोनल्ड क्नूथ यांनी लिहिला. १९७७ मध्ये ‘द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघत होती. आधीची आवृत्ती शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेली, नवी फोटोटाइपसेटिंगवर. नव्या पद्धतीची पानं बघून क्नूथ वैतागले आणि अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम स्वतःच लिहायला बसले. म्हणजे या सॉफ्टवेअरचा जन्म कुरूप पान बघून आलेल्या चिडीतून झाला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चूक झाली की टेक थांबतो आणि ‘मी’ म्हणून बोलतो. तुमच्या मजकुराची ओळ दाखवतो, पण जिथवर वाचून झालं तिथे तोडून. उरलेला भाग खालच्या ओळीत, बरोबर त्याच जागेपासून पुढे सरकवून. म्हणजे ‘इथपर्यंत मला कळलं, इथून पुढे नाही’. मग विचारतो: पुढे जाऊ, दुरुस्ती घालता, मदत हवी, की सोडून देऊ? मदत मागितली तर समजावतो. पुन्हा मागितली तर माफी मागून सांगतो की होती तेवढी मदत दिली, आता एखाद्या माणसाला विचारून बघा. हे मी जसंच्या तसं उद्धृत करत नाही, पण सूर हाच आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रॅममध्ये इतका नेमका विनय आहे.

याच्या शेजारी आपल्या फोनवरचं रोजचं वाक्य ठेवा: ‘काहीतरी चुकलं, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’ काय चुकलं? किती वेळाने? पुन्हा तेच केलं तर वेगळं का होईल? आमच्या धंद्यात असं वाक्य ‘यूजर-फ्रेंडली’ म्हणून पास होतं, कारण ते कुणाला घाबरवत नाही. पण ते वाचकाला लहान मूल समजतं. टेक तुम्हाला घाबरवतो, पण मोठं माणूस समजतो. मला दुसरी वागणूक जास्त आदराची वाटते.

फक्त आकडे

इथवर स्तुती. आता एक प्रयोग. झीटेकला कुठलाही फॉन्ट न सांगता मराठी मजकूर द्यायचा आणि काय होतं ते बघायचं. मी मामाच्या वहीचं एक पान दिलं: पाचशे पानांचं वरण-भात. टाइप करताना आकडे इंग्रजी अंकांत होते. पडद्यावरून ओळींचा लोंढा गेला, आणि शेवटी शांतपणे ‘आउटपुट रिटन’: एक पान तयार.

पीडीएफ उघडली. चाळीस, बारा, पाच. पानावर फक्त आकडे. तांदूळ नाही, डाळ नाही, मीठ नाही. टेकच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून त्याने प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा गाळली आणि काम पूर्ण झाल्याचं कळवलं.

याला टेक चूक मानत नाही. इशारा देतो, पण थांबत नाही. मूळ रीतीत तर हा इशारा पडद्यावरही येत नसे, फक्त लॉगमध्ये: अमुक फॉन्टात अमुक अक्षर नाही. उलट ओळ समासाबाहेर ०.१ पॉइंटपेक्षा जास्त गेली, म्हणजे साधारण ०.०३५ मिलिमीटर, की टेक पडद्यावर ओरडतो. शब्दांमधली जागा सैल झाली तर त्या ओळीला ‘बॅडनेस’चे गुण देतो, दहा हजारांपर्यंत. केसाहून कमी सरकलेली ओळ ही तक्रार, आणि पानभर नाहीशी झालेली भाषा ही तळटीप.

प्रत्येक समीक्षकाकडे दोषांची उतरंड असते, तशी टेककडेही आहे. ती कुठून आली हे त्याच्या जन्मकथेत आहे. क्नूथ यांना छळत होतं ते पानाचं रूप. अक्षरच गायब होईल ही भीती इंग्रजीत लिहिणाऱ्याला फारशी नसते. १९८९ च्या आवृत्ती ३ पर्यंत टेक सात बिटांच्या, म्हणजे १२८ चिन्हांच्या जगात राहत होता. त्या जगात मराठी मावतच नव्हती. मावत नव्हती म्हणजे तिचा तिरस्कार होता असं नाही. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच्या वाचकांत ती नव्हती, इतकंच. पण परिणाम वाचकाला भोगावा लागतो, हेतू नाही.

हे बदलत का नाही? क्नूथ यांनी टेक जाणीवपूर्वक गोठवला आहे. आवृत्तीचा क्रमांक पायच्या किमतीकडे सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. चुका दुरुस्त होतात, स्वभाव बदलत नाही. भोवतालचे लोक मात्र हलतात. २०२१ पासून लाटेक हा इशारा पडद्यावरही दाखवतो, आणि ‘ट्रेसिंगलॉस्टकॅर्स’ या सेटिंगची किंमत ३ केली तर हरवलेलं अक्षर ही खरीखुरी चूक ठरते. मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने फाइलच्या सुरुवातीलाच ही ओळ घालावी. आपल्या भाषेचं नाहीसं होणं ही चूक आहे, हे यंत्राला आपणच सांगायचं आहे.

या गोठण्याची दुसरी बाजूही मांडायला हवी. मामाच्या वहीतली काही पानं वीसेक वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी एका डीटीपीवाल्याकडे टाइप झाली होती. ती फाइल आजही उघडते, काही तक्रार येत नाही, आणि दिसतात रोमन अक्षरं नि चिन्हांचा चिवडा. तेव्हाच्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट गेला की मजकूर गेला. त्याच काळात, किंवा त्याआधीही लिहिलेली टेकची फाइल आजही साध्या अक्षरांत वाचता येते आणि बहुतेक वेळा तेच पान देते. आपल्याला विसरलेलं सॉफ्टवेअर टिकाऊ निघालं आणि खास आपल्यासाठी केलेली सोय वितळून गेली. टेकवरच्या माझ्या तक्रारीचं वजन यामुळे कमी होत नाही, पण तक्रार करायला लॉग आहे, ही चैन त्या दुसऱ्या फाइलने कधी दिलीच नाही.

आचारी आणि आचार्य

फॉन्ट सांगितला की अक्षरं येतात. मी आयआयटी मुंबईत तयार झालेला ‘शोभिका’ घेतला. तरी काम संपत नाही. लिपी देवनागरी आहे हे ‘फॉन्टस्पेक’ला वेगळं सांगावं लागतं, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. लॉग यावर गप्प. भाषा मराठी आहे हेही सांगावं, म्हणजे फॉन्टात सोय असेल तर लसूण आणि शेंगदाण्यातले ल आणि श मराठी वळणाचे येतात. सोय नसेल तर लॉग तसं कळवतो. ही ओळ लिहिणाऱ्याचे मनापासून आभार.

आणि शेवटी एक चूक, जी कुठलंच यंत्र पकडत नाही. मामाच्या वहीत पहिल्याच पानावर आहे: आचाऱ्यांनी आधी भांडी मोजून घ्यावीत. यातला अर्धा र मराठीचा खास. तो लिहायची एक पद्धत म्हणजे र आणि य यांच्यामध्ये एक अदृश्य जोडचिन्ह ठेवणं. मजकूर इकडून तिकडे नेताना ‘नको असलेली’ अदृश्य चिन्हं पुसणाऱ्या स्क्रिप्टा असतात. त्यांनी ते पुसलं की वाक्य होतं: आचार्यांनी आधी भांडी मोजून घ्यावीत. स्पेलिंग शुद्ध, फॉन्ट हजर, बॅडनेस शून्य. रांधणारा माणूस गेला आणि त्याच्या जागी विद्वान आला, आणि सगळे लॉग म्हणाले की काही घडलं नाही.

यावर उपाय साधा आहे: नुक्ता असलेला ऱ वापरायचा, तो असा पुसला जात नाही. पण हा उपाय कुणाला सुचेल? ज्याला आचारी आणि आचार्य यांतला फरक माहीत आहे त्यालाच. ‘माणसाला विचारून बघा’ हा टेकचा सल्ला इथे अगदी खरा ठरतो, फक्त तो माणूस मराठी वाचणारा हवा. ऱ घालून केलेल्या पुस्तिकेची पहिली प्रत मामाने शेवटच्या पानापासून वाचायला घेतली, आणि पाचशे पानांच्या हिशेबात हिंग लिहायचं राहिलंय म्हणाला. ते त्याच्या वहीतही नव्हतं.