आपलं खातं, आपली वही

आजचा प्रश्न दिसायला लहान आहे. बँकेतलं माझं खातं मला बघता येतं. पण ते माझ्या पद्धतीनं वाचता येतं का? संगणक शिकलेल्या एखाद्या मुलाला वाटतं, चार ओळींची स्क्रिप्ट लिहावी, तिनं घरच्या खात्यातल्या नोंदी रोज आपोआप उतरवाव्यात आणि हिशेब लावावा. ती स्क्रिप्ट बँकेच्या दारात अडते. का अडते, ते तपासू.

गरज खरी आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज 7 टक्क्यांनी मिळतं, वेळेत फेडलं तर 3 टक्क्यांची सवलत. आता ती सवलत जमा झाली का? व्याज कुठल्या तारखेपासून, किती बाकीवर लागलं? हे पासबुक नुसतं चाळून कळत नाही, मांडून बघावं लागतं. बऱ्याच बँका एक्सेलमध्ये उतारा देतात, हे मान्य. पण दर वेळी ओटीपी टाका, तारखा निवडा. आणि दोन बँका असल्या की रकाने वेगळे.

हा वाद जुनाच आहे. 1875 साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि वह्या जाळल्या. राग कर्जाचा होताच, पण हिशेब एकाच्याच हातात असण्याचाही होता. मग 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यानं ऋणकोला लेखी पावतीचा, वर्षाच्या उताऱ्याचा आणि पासबुकात हिशेब मांडून घेण्याचा हक्क दिला. 1842 साली याच निफाडला जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी त्या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. कायद्यामागचं तत्त्व बघा: व्यवहार दोघांचा, तर नोंदही दोघांची.

आता रिझर्व्ह बँकेचा 2016 चा अकाउंट अ‍ॅग्रिगेटरविषयीचा निर्देश वाचा. व्याख्येत म्हटलंय, माहिती गोळा करून ग्राहकासमोर किंवा माहिती वापरणाऱ्या संस्थेसमोर मांडायची. ग्राहक आधी आलाय! पण 'माहिती वापरणारा' कोण? तर वित्तीय नियामकाकडे नोंदलेली, त्याच्या देखरेखीखालची संस्था. म्हणजे कर्ज देणाऱ्या कंपनीच्या यंत्राला माझी माहिती माझ्या संमतीनं मिळेल. माझ्या यंत्राला मात्र माझ्याच संमतीनं मिळणार नाही. मी संमती देणारा, घेणारा कधीच नाही. तर्काच्या दृष्टीनं हे विचित्रच म्हणायला हवं.

युरोपच्या 2015 च्या पेमेंट निर्देशानंही वाट दिली ती परवानाधारकांनाच. आणि आपल्याकडे 2019 च्या विधेयकात स्वतःची माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात मागण्याचा हक्क होता. 2023 च्या कायद्यात तो उरला नाही.

यावर आक्षेप येतो सुरक्षिततेचा, आणि तो पोकळ नाही. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवला आणि संगणक भलत्याच्या हाती पडला तर? म्हणून तसं करू नका, असंच मी सांगेन. पण हा धोका कशातून येतो? बहुतेक ठिकाणी खातं बघायचं असो की पैसे पाठवायचे असोत, पहिलं कुलूप एकच पासवर्ड उघडतो. घरात डोकावायला तिजोरीची किल्ली द्यायची, आणि मग म्हणायचं, डोकावणं धोक्याचं!

उपाय दूर नाही. अ‍ॅग्रिगेटरच्या संमतीत हेतू, मुदत, मागे घेण्याची सोय, सगळं आधीच आहे. तशीच फक्त वाचण्यापुरती, मुदतीची किल्ली खातेदाराला द्या. ज्याला स्क्रिप्ट लिहिता येत नाही, त्याला शेजारचा मुलगा लिहून देईल. पूर्वी खतं वाचून दाखवणारा एखादा असायचाच की गावात.

जाणणं म्हणजे दाखवलेलं बघणं नव्हे. पडताळून पाहता येणं. जो हिशेब मला पडताळता येत नाही, त्यावर मी विश्वास ठेवतो असं म्हणू नये. फार तर मी तो मुकाट्यानं मान्य करतो. या दोहोंतलं अंतर भरून काढणं हेच 1879 च्या त्या पासबुकाचं काम होतं, आणि ते अजून पुरं झालेलं नाही.