देणगी जाहीर केली की दोष फिटतो का?

१९६७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आहार आणि हृदयविकार यांच्या संबंधाचा आढावा दोन भागांत छापून आला. दोष चरबीच्या पदरात आणि साखरेला झुकते माप, असा त्याचा कल होता. त्यासाठी हार्वर्डच्या संशोधकांना अमेरिकेतील साखर उद्योगाच्या संस्थेने सुमारे साडेसहा हजार डॉलर दिले होते. मसुदेही तिच्या नजरेखालून गेले होते. जुन्या पत्रव्यवहारावरून हे २०१६ मध्ये उजेडात आले.

यावर नेहमीचे उत्तर असे की, तेव्हा पैसे कोणाचे हे सांगण्याचा नियम नव्हता, आता आहे. मला हे उत्तर अपुरे वाटते. लेखाखाली देणगीदाराचे नाव छापले की वाचक सावध होतो, हे खरे. पण कोणता प्रश्न विचारायचा, हे त्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते. ‘ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क’ला कोका-कोलाने १५ लाख डॉलर दिले. लठ्ठपणाच्या चर्चेत या मंडळींचा भर खाण्यापिण्यापेक्षा व्यायामावर. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ऑगस्ट २०१५ मध्ये हे चव्हाट्यावर आणले आणि वर्षअखेरीस नेटवर्क गुंडाळले गेले. व्यायाम चांगलाच, त्यात खोटे काही नाही. पण खऱ्याच गोष्टी निवडून पुन्हा पुन्हा सांगितल्या, की साखरेच्या पाण्याचा विषय आपोआप मागे पडतो. हे काम खोटे न बोलता होते, म्हणून ते पकडणे अवघड.

या बाबतीत आपल्याकडचा एक कायदा पुढचा आहे. बाळाच्या दुधाच्या भुकटीच्या प्रचाराला आळा घालणारा कायदा १९९२ चा. २००३ च्या दुरुस्तीने या कंपन्यांना आरोग्यसेवक आणि त्यांच्या संघटना यांच्या परिषदा, शिष्यवृत्त्या, संशोधन यांसाठी पैसे देण्यासच मनाई केली. जाहीर करून देण्याचीही सोय ठेवली नाही. त्यावर पहारा ठेवणारे ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ १९९१ मध्ये आपल्या वर्ध्यात स्थापन झाले.

याउलट औषध कंपन्यांसाठी मार्च २०२४ मध्ये आलेली आचारसंहिता भेटवस्तूंना नाही म्हणते. पण डॉक्टरांच्या शिक्षणपर परिषदांना पैसे देण्याची वाट, अटी घालून आणि खर्च जाहीर करायला सांगून, मोकळी ठेवते. म्हणजे एकाच बालरोगतज्ज्ञाच्या परिषदेला भुकटीवाल्याचा पैसा निषिद्ध, औषधवाल्याचा चालतो. पैशाने मत झुकते हे एका ठिकाणी मान्य केले, तर दुसऱ्या ठिकाणी ते का नाकारायचे?

‘मग परिषदा भरायच्या कशा?’ हा प्रश्न मी टाळत नाही. डॉक्टरांनी स्वतःच्या वर्गणीतून, साध्या सभागृहात, कमी पंगतींच्या परिषदा भराव्यात. त्या लहान होतील. पण तिथे काय बोलायचे, हे तरी बोलणारेच ठरवतील.